हबसाणची अर्जी

१४ ऑक्टोबर १९३५, सोमवार

“बाई, त्या जिनीव्हाच्या सभेत आपल्याकडनं कोण बसायलंय?”

आठवीतल्या चंपाने आज विचारलं. मला उत्तर येत नाही.

नकाशावर जिनीव्हा दाखवून झालं होतं. जगातले देश तिथं एकत्र बसतात, भांडण फौजेने न सोडवता बोलून सोडवायचं असा करार आहे, इटलीने समुद्रापलीकडं हबशांच्या मुलखावर, हबसाणवर, चाल केली त्याचा वाद सध्या तिथंच चालू आहे, हे सगळं सांगितलं होतं. हिंदुस्थानची खुर्ची आहे म्हटलं. त्या खुर्चीवर कोण? लंडनहून ठरतं. “आन् मग आपण रियासतीतले?” मी फळा पुसायला लागले. हळ्ळीखेडच्या आसपास दहा गावांत बी. ए. झालेली पहिली मुलगी मी, आणि तेरा वर्षांच्या पोरीपुढं फळा पुसते.

जैनब मागून म्हणाली, “हबशी बोले तो अपने हबशीकोट के?” त्यांचाच मुलूख, म्हटलं. एकदम वर्गाला जाग आली. हबशीकोटच्या टेकडीवरच्या हबशी सरदारांच्या कबरी प्रत्येकीने पाहिल्या आहेत. “मंग आपलेच की,” कुणीतरी बोललं.

इतके दिवस भूगोल नुसता पाठ करून घेत होते.

१७ ऑक्टो., गुरुवार

वर्गातच जिनीव्हा मांडलं. टाटपट्ट्या गोल टाकल्या, खडूने प्रत्येकीच्या पुढं देशाचं नाव. चिठ्ठ्या उचलून देश. नियम तीन: ‘मी’ म्हणायचं नाही, ‘माझा देश’ म्हणायचं; हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही; हात उगारायचा नाही. तिसरा नियम जैनबसाठी.

जैनबला इटली मिळाली, तिला आनंद मावेना. बाप बिदरी कामाचा कारागीर, सात भावंडांत ही थोरली. हुकूम सोडायची सवय आहे. “मेरा मुल्क बड़ा है, उसकू जगा होना. इत्तीच बात.” इंग्लंड झालेल्या मुलीला मी एवढंच सांगितलं होतं, दर वेळी ‘विचार करू’ म्हणायचं. इतकं छान म्हणते की चीड येते.

चंपाला हबसाण. ती उभी राहिली, पदराचं टोक पिळत राहिली, बसली. तिच्या जागी इटलीच बोलली.

१८ ऑक्टो., शुक्रवार. सुट्टी

काकांना सांगितलं. मी त्यांच्याकडेच राहते. ते कचेरीत अहलकार, आवक टपालाचं काम. पेपर खाली ठेवून म्हणाले, “गोदू, तुझी नौकरी हंगामी हाय. भूगोल शिकीव. नदी, डोंगर.”

“नदी-डोंगर कुणाचे ते शिकवायलेय, काका.”

“त्येच नको म्हणायलोय मी.”

काकू आतून: “बी. ए. झाल्यावर तोंड मिटत न्हाई का काय?”

नाही मिटत.

२२ ऑक्टो., मंगळवार

चंपा तास संपल्यावर थांबली. “बाई, मला बोलायला येत न्हाई. लिहून दिलं तर चालतं का? अर्जी.”

तिचे वडील श्यामराव मुन्शी अर्जीनवीस आहेत. कचेरीसमोर लिंबाखाली बसतात. खेड्यांतून माणसं येतात, आपलं दुःख तोंडी सांगतात, ते उर्दूत, कचेरीच्या रीतीने मांडून देतात. त्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून साफ नक्कल घरी चंपा करते. अक्षर मोत्यासारखं. दोन वर्षं ही मुलगी लोकांच्या तक्रारी उतरवून काढतेय आणि मला पत्ता नाही.

लिही म्हटलं. रीतसर लिही.

(हे मी सांगितलं. ‘रीतसर’ हा माझा शब्द.)

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिला भूगोलाचा तास. चंपाचा चेहरा उतरलेला. अर्जी लिहिली होती, वडिलांच्या कागदांत ठेवली होती, आता सापडत नाही. जैनब: “लिखीच नहीं इने.” चंपाने तिच्याकडे असं पाहिलं की इटलीने मान खाली घातली.

पुन्हा लिही म्हटलं. “तशी आता जमंल का न्हाई,” म्हणाली.

७ नोव्हें., गुरुवार

अर्जी सापडली. कचेरीत.

काका दुपारीच घरी आले. कधी येत नाहीत. पागोटंसुद्धा काढलं नाही. “गोदू, हबसाण कोणतं गाव हाय?”

मला आधी हसूच आलं. मग त्यांचा चेहरा पाहिला.

झालं ते असं. मुन्शीजींनी सोमवारी सकाळी अर्ज्यांचा गठ्ठा खिडकीतून आत दिला. चंपाचा कागद त्यातच. कागद रीतसर, तिकीट लावलेलं, मायना बिनचूक. काकांनी रोजच्यासारखा वरचा मायना पाहिला, शिक्का मारला, आवक नंबर टाकला. पुढं गेला. पुढच्याने ‘अर्जदार: हबसाणची रयत, विरुद्ध: इटली’ वाचून गावांची यादी काढली. सापडेना. औरादकडे असेल म्हणून तिकडच्या तहसिलीला विचारणा लिहिली.

“मग फाडून टाका की,” मी म्हटलं. “मुलीचा वर्गातला कागद आहे.”

काका माझ्याकडे बघतच राहिले. मी देवघरात चपला घालून गेल्यासारखे. “नंबर पडलाय गोदू. नंबर पडलेला कागद फाडता येत न्हाई. त्येची चौकशी होणार, निकाल होणार, मंगच दप्तरात जाणार. रीत हाय.”

म्हणजे जिनीव्हात महिनाभर नुसती भाषणं चालली आहेत, आणि इथं आमच्या कचेरीने हबसाणची चौकशी लावली. दुपारभर आठवेल तसं हसत होते.

९ नोव्हें., शनिवार

हसू संपलं.

सदर मुअल्लिमा साहेबांनी बोलावलं (आमच्या मुख्याध्यापिका; पुढं नुसतं स. मु.). टेबलावर अर्जीची नक्कल. कचेरीतल्या कुणा वरच्याच्या लक्षात आलं की हबसाण आणि इटली ही गावं नव्हेत. पण त्याच्या हेही लक्षात आलं की आतला मजकूर ओळखीचा आहे. एका जागिरीतल्या गावाची अशीच तक्रार गेल्या साली आली होती, ‘तथ्य नाही’ म्हणून दप्तरात गेली होती. तेव्हा ही कुणाची तरी थट्टा आहे, सरकारची. शाळेच्या आडून, कारण कागद मुलीचा, शाळेतला, हे मुन्शीजींनीच विचारल्यावर सांगितलं होतं.

स. मु.: “गोदावरीबाई, आपने पढ़ा है इसको?”

नाही म्हटलं. खरंच नव्हतं वाचलं. त्यांनी कागद पुढं सरकवला.

उतरवून घेतला. मराठीत साधारण असा:

‘अर्ज असा की, समोरच्याची माणसं आमच्या हद्दीत शिरली. खळ्यावरची जोंधळ्याची रास उचलून नेली. आमच्या गायरानात घोडी बांधली. विहिरीवर पहारा बसवला, बाया रिकाम्या घागरी घेऊन परत येतात. धडधाकट माणसं वेठीला धरून नेली, ती अजून आली नाहीत. विचारलं तर म्हणतात, हा मुलूख आम्हांला मिळालाय. कुणी दिला, तो कागद दाखवत नाहीत. आम्ही लिहिणं जाणत नाही म्हणून आम्हांला बोलणंही येत नाही असं धरू नये. समक्ष येऊन पाहणी व्हावी.’

वर्गात मी इतके दिवस तोफा, विमानं, करारनामे सांगत होते. हिने विहीर लिहिली.

स. मु. पंख्याच्या दोरीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “अच्छा लिखा है. यही मुसीबत है.”

१२ नोव्हें., मंगळवार

चंपा आली नाही. कालही नव्हती. शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. मुन्शीजी ओसरीवर, पुढं कलमदान, बंद.

“बाई, तुम्ही शिकलेल्या. मला एवढं सांगा, पोरीनं काय खोटं लिवलं?”

“नाही.”

“मीच लिवलेलं हाय त्ये. गेल्या साली. तिनं नावं तेवढी बदलली. माझी सनद काढून घेतील. लिंबाखाली बसायला सनद लागती.”

चंपा आतून दाराशी आली. रडलेली नव्हती. “बाई, हबसाणातली माणसं काय म्हणत असतील ते मला ठाव नव्हतं. म्हणून मला जे ठाव होतं ते लिवलं. चुकलं का?”

ह्या मुलीचे प्रश्न.

चुकलं नाही, म्हटलं. हे उत्तर मला येत होतं.

१४ नोव्हें., गुरुवार

स. मुं.नी सरळ सांगितलं. कचेरीने लेखी कैफियत मागवली आहे, गुरुवार ता. २१ पर्यंत. दोन वाटा. एक, मुलीने बाईंना न विचारता खोडसाळपणा केला असं मी लिहायचं: मुलीचं नाव पटावरून कमी, मुन्शीचं काय ते कचेरी बघेल, मला फक्त ताकीद. दोन, असं लिहिलं नाही तर मी हंगामी आहे ह्याची त्यांनी आठवण करून दिली. आणि वर्गातला तो ‘जलसा’ बंद. परवानगीशिवाय जलसा, म्हणजे सभा, भरवता येत नाही, वर्गातसुद्धा.

“जलसा नाही, भूगोल आहे,” म्हटलं.

“बाई, मैं भी एक दस्तख़त पर जीती हूँ.” हे त्या खाल मानेने बोलल्या. रागावता आलं नाही त्यांच्यावर. त्यापेक्षा रागावता आलं असतं तर बरं.

१५ नोव्हें., शुक्रवार

अप्पा आले हळ्ळीखेडहून, मोटारीने. काकांनीच निरोप धाडला होता, दादा, तुमच्या पोरीला समजवा म्हणून. हरभऱ्याची कोवळी भाजी घेऊन आले, फडक्यात बांधून. जेवणं झाली. मग काकांनी सुरुवात केली. ते तासभर बोलले. एका ओळीत सांगायचं तर: आपण लहान माणसं.

अप्पा म्हणाले, “गोदू, वाच बघू काय लिवलंय त्या पोरीनं.”

वाचलं. अप्पांना सही येत नाही, अंगठा लावतात. पण ऐकतात असे की एक शब्द खाली पडत नाही. घागरींचं आलं तेव्हा त्यांनी सुपारी कातरायची थांबवली.

“आरं, हे तर आपल्या पलीकडल्याच शिवारातलं हाय. मी ती माणसं वळखतो.”

काका: “म्हणूनच म्हणायलोय ना मी दादा.”

“म्हणूनच? मग तू नंबर कामून टाकलास?”

“मी मायना वाचला. आतलं कोण वाचतंय?”

अप्पा हसले. खूप दिवसांनी पाहिलं मी त्यांना असं हसताना. मग मला म्हणाले, “मी तुला काय करू नको म्हणायला आलो होतो. आता मला त्ये म्हणता येईना. तू शाणी हायस.”

काकू भांडी जरा जोरात घासत होती.

जाताना अप्पा मोटारीच्या पायरीवर थांबले. “नौकरी गेली तर घर हाय आपलं. पण माघारी येशील तर मान वर करून ये. खाली घालून आलीस तर मी काय सांगू गावाला, बी. ए. कशात झाली म्हणून?”

१८ नोव्हें., सोमवार

काकांनी माझ्यासाठी कैफियत लिहून आणली. सुंदर उर्दू. ‘सदर मुलगी अल्पवयीन व अल्पबुद्धी असून.’

अल्पबुद्धी.

कागद परत त्यांच्या पुढं ठेवला. “मला नाही जमणार.”

“मी तुझ्यासाठी लिवलंय गं.” त्यांचा आवाज बदलला. शिक्का त्यांचा आहे त्या अर्जीवर. माझ्या कैफियतीने त्यांच्यावरही येईल, हे आम्ही दोघंही जाणतो. रात्री त्यांनी ताक घेतलं नाही.

मला भीती वाटते. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढं कुणी मला शूर म्हणालं तर.

२० नोव्हें., बुधवार

जिनीव्हा भरवलं.

दार उघडं ठेवलं मुद्दाम. लपवायचं काही नाही. टाटपट्ट्या गोल, खडूने नावं. चंपाची जागा रिकामी. तिचं नाव पटावर अजून आहे, मी हजेरी घेताना मोठ्याने घेतलं.

इंग्लंड म्हणालं, अर्जदार हजर नाही, तेव्हा पुढची तारीख द्यावी. मी शिकवलं नव्हतं हे. घरीच शिकतात.

जैनब उठली. “मेरे पास है.” कुडत्यातून कागद काढला. शनिवारी चंपाच्या घरी जाऊन तोंडी ऐकून लिहून आणला होता, वाकड्यातिकड्या अक्षरात. मग अडखळली. “बाई, अपने ख़िलाफ़ मैंच पढ़ूँ क्या?”

तुझ्या देशाला विचार, म्हटलं.

तिने क्षणभर विचार केला आणि वाचलं. इटलीने हबसाणचा अर्ज वाचला. घागरींची ओळ तिने दोनदा वाचली. तिच्या गल्लीतलं पाणीही किती लांबून आणावं लागतं मला माहीत आहे. वाचून झाल्यावर इटलीने उत्तर द्यायचं होतं. “जवाब नहीं है मेरे पास. पर मैं फ़ौज वापस नहीं लेती. लेती क्या कोई?”

मी फळ्यावर मतांचे रकाने आखले.

मत घेतलं. सात देश हबसाणच्या बाजूने, तीन आजारी पडले, इंग्लंड विचार करत आहे. निकाल नाही. एक मुलगी रडकुंडीला आली, “मग एवढं बोलून काय उपेग?” मी म्हटलं, तिथंही इतकं बोलून फौज हललेली नाही. आपण तिथल्यापेक्षा कमी काही केलं नाही, आणि आपल्यात तर इटलीने अर्ज वाचला.

व्हरांड्यात बांबूच्या चिकाच्या पडद्याआड स. मु. उभ्या होत्या. किती वेळ, कळलं नाही. तास संपल्यावर गेल्या. बंद करा म्हणाल्या नाहीत.

२१ नोव्हें., गुरुवार

केलं. आता शांतपणे लिहिते.

कैफियत सकाळी लिहिली, माझ्या उर्दूत. सुंदर नाही, चूक नाही. मजकूर:

‘सदर अर्ज माझ्या सांगण्यावरून, धडा म्हणून लिहिला गेला. रीतसर लिहिण्यास मीच सांगितलं. मुलीचा व तिच्या वडिलांचा कसूर नाही. आवक कारकुनाचाही नाही, कारण कागद रीतसर होता. नावांखेरीज त्यातला मजकूर मी शोध घेतला तेवढा खरा आहे. गावाचं खरं नाव खाली लिहिलं आहे. अर्जात मागितल्याप्रमाणे समक्ष पाहणी व्हावी, ही आता माझी विनंती.’

खाली गावाचं नाव. अप्पांकडून ते कळलं होतं. त्याखाली माझं नाव, बी. ए. सकट. पहिल्यांदाच लावलं.

स. मुं.च्या हाती दिली असती तर त्यांनी ती शाळेच्या कागदांत ठेवली असती, किंवा ठेवली नसती. त्यांना त्या पेचात कशाला टाकायचं? नक्कल त्यांच्या टेबलावर ठेवली आणि मूळ कागद घेऊन कचेरीत गेले. चालत. पडद्याचा टांगा नाही.

आवक खिडकीशी बायका जात नाहीत. भाऊ जातो, मुन्शी जातो. पुरुषांची रांग होती, खेड्यांतली माणसं, हातात गुंडाळ्या. मी मागे उभी राहिले तर पुढचे सगळे बाजूला झाले. एक म्हातारा म्हणाला, “आक्का, पुढं व्हा.” नको म्हटलं, तुमचा नंबर आधी. त्याला कळेना काय करावं. शेवटी दोघं आपापल्या जागी राहिलो. लिंबाखाली मुन्शीजी होते. सनद अजून आहे. ते उभे राहिले, आणि मी खिडकीशी पोहोचेपर्यंत उभेच होते.

आत काका.

त्यांनी मला पाहिलं, कागद घेतला. मायना वाचला. मग, आयुष्यात पहिल्यांदा बहुतेक, आतला मजकूरही वाचला. पूर्ण. मागची रांग खोळंबली. ‘आवक कारकुनाचाही नाही’ इथं त्यांचं बोट थांबलं.

“अजून बी परत घेता येतंय,” हळूच म्हणाले. “शिक्का मारला की न्हाई.”

“मारा, काका.”

येताना चंपाच्या घरावरून आले. उद्या शुक्रवार, शनिवारी ये म्हणून सांगितलं. बघते म्हणाली. तोवर घरी आलेल्या वडिलांनी मान हलवली, हो की नाही ते समजलं नाही. मग तिने विचारलं, “काय झालं, बाई?”

पावती दाखवली. तिने आधी शिक्का पाहिला, मग आकडा. अक्षर बारकाईने बघायची सवयच तिला.

नंबर पडलाय.